डेल्सफर्डचा सातबारा: एका इंग्लिश इस्टेटीचे मालक आणि त्यांचा पैसा

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. मुलीला ऑक्सफर्डला सोडायला आलात, तिच्या मैत्रिणीने डेल्सफर्डच्या फार्मशॉपला जेवायला नेलं, तिथे कुणीतरी म्हणालं की ही वॉरन हेस्टिंग्जची, म्हणजे बंगालच्या पहिल्या गव्हर्नर जनरलची इस्टेट. म्हणून तुम्ही विचारताय की ती त्याच्याकडे कशी आली आणि नंतर कुणाकुणाकडे गेली, हिंदुस्थानच्या लुटीवर ते घर उभं राहिलं हे खरं का, आपल्याकडे वाड्याच्या उताऱ्यावर वीस-वीस नावं लागतात मग इथल्या इस्टेटी शेकडो वर्षं अखंड कशा राहतात, आणि हे कागद आपल्याला स्वतः बघता येतात का.

मी पुण्यात वकिलांच्या हाताखाली सर्च रिपोर्ट काढायचं काम सहा वर्षं केलं आणि गेली बावीस वर्षं इथे इंग्लंडमध्ये जमिनीच्या कागदांचंच काम करते, त्यामुळे दोन्हीकडचे फेरफार हाताखालून गेलेत. डेल्सफर्डचं प्रकरण मी कामासाठी नाही, स्वतःच्या ओढीने वाचलं. सुरुवातीलाच एक सांगते. लोक इस्टेटीचा इतिहास म्हणजे मालकांची यादी समजतात. यादी कुणालाही मिळते हो. प्रत्येक फेरफाराच्या वेळी नव्या मालकाचा पैसा कुठून आला हे विचारायचं असतं आणि ते खरेदीखतात कधीच लिहिलेलं नसतं, तिथे फक्त रक्कम असते आणि ती मिळाल्याची कबुली.

आता जागा कुठे आहे ते. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमध्ये, स्टो-ऑन-द-वोल्डच्या पूर्वेला, एव्हनलोड नदीच्या खोऱ्यात, किंगहॅम रेल्वे स्टेशनपासून जवळ. आज ग्लॉस्टरशर काउंटीत आहे पण १९३१ पर्यंत हे गाव वुस्टरशरचा तुटक तुकडा होतं, म्हणजे चारी बाजूंनी दुसऱ्या काउंट्या आणि मधे हे एवढंसं गाव लांबच्या वुस्टरच्या हिशोबात. आपल्याकडे संस्थानांची गावं अशी दुसऱ्याच्या मुलखात अडकलेली असायची ना, तसंच. कारण जुनं आहे, मध्ययुगात ही जमीन वुस्टरच्या बिशपच्या जमिनींत मोडायची. हे सांगायचं कारण असं की नवखी माणसं ग्लॉस्टरला जाऊन कागद शोधतात आणि हात हलवत परत येतात, जुनं बरंचसं वुस्टरकडे असतं. गाव कुठल्या काउंटीत आहे हे विचारू नका, ज्या सालचा कागद हवाय त्या साली ते कुठे होतं ते विचारा.

हेस्टिंग्ज घराणं इथे मध्ययुगापासून होतं. आपण ज्याला गावची पाटीलकी म्हणू तसं, गावाचे मॅनरदार, पिढ्यानपिढ्या. सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा हे लोक राजाच्या बाजूने उभे राहिले आणि राजा हरला. हरलेल्या बाजूच्या जमीनदारांना दंड भरूनच आपल्या जमिनी सोडवून घ्याव्या लागायच्या. घराणं जे खचलं ते पुन्हा सावरलं नाही, जमीन थोडी थोडी करत गेली आणि शेवटी १७१५ मध्ये राहिलेलं घर आणि मॅनरही जेकब नाइट नावाच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकलं.

घराण्याकडे काय उरलं, तर गावच्या चर्चची धर्मगुरूची जागा. वॉरनचा आजोबा पेनिस्टन हेस्टिंग्ज डेल्सफर्डचा रेक्टर होता. म्हणजे ज्या गावाचे आपले वाडवडील मालक, त्याच गावात आपण चर्चच्या घरात राहायचं आणि समोरच्या मोठ्या घरात विकत घेणारा बसलाय ते रोज बघायचं. वॉरनचा जन्म ६ डिसेंबर १७३२ चा, जवळच्याच चर्चिल नावाच्या गावातला. आई बाळंतपणानंतर लगेच गेली, बाप पोराला सोडून वेस्ट इंडीजकडे निघून गेला, मग आजोबांनीच सांभाळलं. म्हातारपणी त्याने स्वतः एक आठवण सांगितली होती की सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडल्या पडल्या त्याने मनात धरलं की ही इस्टेट मी परत घेईन. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला थोडी झिलई चढलेली असते हे मी धरून चालते, तरी त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या वागण्याशी ती जुळते हे खरं. ज्यांचं वडिलोपार्जित घर दुसऱ्याच्या नावावर गेलंय त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला लागत नाही. आमच्या वाईच्या वाड्यासमोरून जाताना माझे वडील आजही रस्ता बदलतात.

तो १७५० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून बंगालला निघाला, सतरा वर्षांचा. १७७२ ला बंगालचा गव्हर्नर आणि पुढे पहिला गव्हर्नर जनरल, १७८५ पर्यंत. आता लुटीच्या प्रश्नावर येते, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या कारण दोन्ही बाजूंची माणसं यात घाईने बोलतात.

नव्या कायद्याने गव्हर्नर जनरलचा पगार ठरला वर्षाला २५,००० पौंड, त्या काळात अतोनात मोठी रक्कम. हा पगार लंडनहून यायचा नाही, बंगालच्या शेतसाऱ्यातून दिला जायचा. आणि तो शेतसारा कसला होता याचा पुरावा खुद्द हेस्टिंग्जच्या लेखणीतला आहे. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात त्याच्याच अंदाजाने निदान एक तृतीयांश लोक मेले, आणि तरी १७७१ ची वसुली १७६८ पेक्षाही जास्त झाली असं त्याने नोव्हेंबर १७७२ च्या पत्रात कंपनीच्या डायरेक्टरांना कळवलंय, शिवाय ती वसुली बळजबरीने पूर्वीच्या पातळीवर ठेवली गेली हेही त्याच पत्रात कबूल केलंय. दुष्काळ पडला तेव्हा तो बंगालचा गव्हर्नर नव्हता, हे न्यायाला धरून सांगितलं पाहिजे. पण पुढची तेरा वर्षं त्याचा पगार त्याच तिजोरीतून निघाला.

मग मराठ्यांचा भाग. रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्याच्या नादात मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये युद्ध ओढवून घेतलं आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांच्या फौजेला मराठ्यांपुढे शरण येऊन तह करावा लागला, हे आपण शाळेत शिकलोय. तो तह कलकत्त्याहून धुडकावून लावणारा माणूस म्हणजे हाच हेस्टिंग्ज. त्याने युद्ध चालूच ठेवलं, उत्तरेकडून फौज पाठवली, ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, आणि शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. तिकडे दक्षिणेत हैदरअलीशी युद्ध, फ्रेंचांचं वेगळंच. या सगळ्याला पैसा लागत होता आणि तिजोरीत खडखडाट. मग बनारसचा राजा चेतसिंग, त्याच्याकडून ठरलेल्या खंडणीवर वर्षाला पाच लाख जादा मागितले, नंतर घोडदळ मागितलं, आणि कुचराई करतो म्हणून पन्नास लाख दंड वसूल करायचं मनात धरून हेस्टिंग्ज १७८१ ला स्वतः बनारसला गेला आणि राजाला अटक केली. बनारस उसळलं, हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्यात पळावं लागलं. चेतसिंग पुढे शिंद्यांच्या आश्रयाला ग्वाल्हेरला गेला आणि तिथेच वारला. त्यानंतर अवधच्या बेगमांचा, म्हणजे तिथल्या नवाबाच्या आई-आजीचा खजिना काढून घेतला. लंडनमध्ये हेस्टिंग्जवर जो खटला चालला त्यातले मुख्य आरोप हेच, बनारस आणि बेगमा. मराठ्यांशी चाललेल्या लढाईचा खर्च या दोन्हींच्या मागे होता, हा धागा इथल्या पुस्तकांत एका वाक्यात उरकतात, म्हणून मी मुद्दाम लांबवला.

१७८५ मध्ये तो परत आला. मधे काही काळ विंडसरजवळचं बोमाँट लॉज घेतलं पण डोळा डेल्सफर्डवर होता. नाइट घराण्याकडून ते त्याने १७८८ मध्ये विकत घेतलं. तारखा नीट बघा. १३ फेब्रुवारी १७८८ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला, आणि त्याच वर्षी हा माणूस त्र्याहत्तर वर्षांपूर्वी गेलेलं घर परत घेऊन तिथे नव्याने बांधकाम काढतो. खटला सात वर्षं चालला. २३ एप्रिल १७९५ ला तो सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटला. कायद्याने तो दोषी ठरला नाही, हे मी कायद्याचं काम करणारी म्हणून स्पष्ट लिहिते. पण वकिलांचा खर्च साधारण ७०,००० पौंड आला आणि घराचं बांधकाम चालूच होतं, माणूस पार कंगाल व्हायची वेळ आली.

मग कुणी वाचवलं, तर कंपनीने. वर्षाला ४,००० पौंड, साडेअठ्ठावीस वर्षांसाठी आणि तेही १७८५ पासून मागच्या तारखेने, वर ५०,००० पौंडांचं बिनव्याजी कर्ज. गुणाकार करा, नुसत्या वार्षिक रकमेचेच १,१४,००० पौंड होतात. कंपनीचा पैसा म्हणजे काय, तर चहाचा व्यापार आणि हिंदुस्थानातली वसुली. म्हणून लूट होती का नव्हती यावर लोक हमरीतुमरीवर येतात तेव्हा माझं म्हणणं एवढंच असतं की हेस्टिंग्ज क्लाइव्हसारखा गडगंज होऊन परतला नाही, भेटी घेतल्या त्यातल्या काही कंपनीला कळवल्या, हे सगळं मान्य करा. तरीसुद्धा पगार, भेटी, नंतरची पेन्शन, कर्ज, यातली कुठलीही पावती उलटी फिरवा, ती कुठल्यातरी बंगाली किंवा बनारसच्या रयतेच्या दारात जाऊन थांबते. त्यासाठी चोरी सिद्ध व्हावी लागत नाही. सगळं कायदेशीर धरलं तरी ते घर तिथल्याच पैशाचं.

घर बघण्यासारखं आहे, निदान फोटोत तरी. आर्किटेक्ट सॅम्युअल पीप्स कॉकरेल. कॉट्सवोल्ड्सचा तो मधाच्या रंगाचा दगड, बांधणी सगळी युरोपियन, आणि बागेच्या अंगाला पुढे आलेला अर्धगोल भाग आणि त्यावर घुमट. याच कॉकरेलने पुढे आपल्या भावासाठी जवळच सेझिनकोट बांधलं, ते तर उघडउघड मोगल धाटणीचं, कांद्याच्या आकाराच्या हिरव्या घुमटाचं. डेल्सफर्डमध्ये हिंदुस्थान बाहेरून दबक्या पावलाने दिसतो, आत जास्त होता. थॉमस बँक्स या शिल्पकाराने केलेली संगमरवरी फायरप्लेसची चौकट आहे, तिच्यावर हिंदुस्थानी बायकांच्या आकृत्या. विल्यम हॉजेसने काढलेली हिंदुस्थानची निसर्गचित्रं भिंतींवर होती, मुर्शिदाबादच्या मणी बेगमने दिलेलं हस्तिदंती फर्निचर होतं. तिबेट-भूतानकडे पाठवलेल्या सॅम्युअल टर्नरने याकचे दोन नर जहाजाने पाठवले, त्यातला एक जिवंत पोचला आणि त्याचं चित्र जॉर्ज स्टब्सने काढलं. इतक्या लांबून थंडीतलं जनावर उन्हातून समुद्रावरून आणायचं, का तर आपल्या शेतात त्याची पैदास होईल का बघायचं. त्याला या जमिनीचं खरोखर वेड होतं, नुसती प्रतिष्ठा म्हणून घेतलेली नव्हती, शेवटची तीस वर्षं तो इथेच राहिला, शेती केली, १८१६ मध्ये चर्च नव्याने बांधून काढलं आणि २२ ऑगस्ट १८१८ ला इथेच गेला.

आणि मग? त्याची स्वतःची मुलं लहानपणीच गेलेली. घर बायको मॅरियनकडे आलं, ती १८३७ मध्ये वारली, मग तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा जनरल चार्ल्स इम्हॉफ. तो १८५३ मध्ये गेला आणि त्याच साली इस्टेट विकली, घरातल्या सामानाचाही लिलाव झाला, हस्तिदंती खुर्च्या चारी दिशांना गेल्या. हिशोब करा, परत मिळवायला त्र्याहत्तर वर्षं गेली आणि मिळवल्यावर पासष्ट वर्षं टिकली, त्यातली हेस्टिंग्ज रक्ताच्या माणसाकडे फक्त तीस.

इथे तुमचा तिसरा प्रश्न घेते, अखंड कशा राहतात. आपल्याकडे मूल जन्मलं की त्याचा हिस्सा वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच, मग वाटण्या, मग खोल्या मोजून पार्टिशनच्या भिंती. इथे दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे, हा नियम १९२५ च्या कायद्यांपर्यंत होता. पण नुसत्या थोरलेपणाने भागत नाही, कारण थोरला उधळ्या निघाला तर? म्हणून सतराव्या शतकात वकिलांनी एक युक्ती काढली, इथे तिला स्ट्रिक्ट सेटलमेंट म्हणतात. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं किंवा तो एकवीसचा झाला की बाप त्याला बोलावतो, म्हणतो आजपासून तुला खर्चाला रक्कम देतो पण या कागदावर सही कर. त्या सहीने काय होतं, तर बाप हयातीपुरता मालक, त्याच्यानंतर मुलगाही फक्त हयातीपुरताच मालक, आणि खरी मालकी कुणाची, तर अजून न जन्मलेल्या नातवाची. हयातीपुरता मालक उत्पन्न खाऊ शकतो, विकू शकत नाही. नातू मोठा झाला की पुन्हा तोच खेळ. विधवेला वर्षाची नेमणूक, धाकट्या मुलांना आणि मुलींना ठरलेली रक्कम, ती जमिनीवर बोजा चढवून द्यायची. म्हणजे जमीन एकाची, पण कर्ज सगळ्यांच्या नावचं. बाहेरून अखंड दिसणारी इस्टेट आतून बहुतेक वेळा बोज्याने वाकलेली असते, हे मी प्रत्येक जुन्या गठ्ठ्यात बघितलंय. आणि त्या कागदांत मुली सगळ्यात शेवटच्या स्किनवर, म्हणजे कातड्याच्या पानावर येतात, रकमेच्या रूपात, हे वाचताना अजूनही मला त्रास होतो.

१८८२ च्या कायद्याने हयातीच्या मालकाला विकायची मुभा मिळाली. धान्याचे भाव १८७० नंतर पडले होते, १८९४ पासून वारसांवर मृत्युकर बसला, पहिल्या महायुद्धात वारस मुलगेच मेले, आणि मग १९१८ नंतर इस्टेटी धडाधड विकल्या गेल्या. तेव्हा इथल्या इस्टेटी टिकतात हा समज अर्धाच खरा. जमिनीची हद्द पुष्कळदा टिकते, घराणं टिकतंच असं नाही. आपल्याकडे उलट, घराणं एकत्र जेवतं आणि जमिनीचे तुकडे होतात.

डेल्सफर्डचे पुढचे मालक भराभर सांगते. १८५३ ला हार्मन ग्राइजवुड, त्याने हेस्टिंग्जने बांधलेलं चर्च पाडून १८६० च्या सुमारास जे. एल. पीअरसनकडून आत्ताचं बांधून घेतलं. शतकाच्या शेवटाकडे चार्ल्स एडवर्ड बेअरिंग यंग. हा मला या सगळ्या यादीत आवडणारा माणूस, खासदार होता, लग्न केलं नाही, आणि १८८६ मध्ये जवळच किंगहॅम हिल इथे निराधार मुलांसाठी शाळा काढली, ती आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये दुसरा लॉर्ड रॉदरमिअर, म्हणजे डेली मेल वर्तमानपत्राचं घराणं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बॅरन थिसेन-बोर्नेमिसा, जर्मन पोलादाच्या पैशातून ज्याने जगातला एक मोठा खाजगी चित्रसंग्रह केला, तो संग्रह आता माद्रिदला आहे. आणि १९८८ पासून अँथनी बॅमफर्ड, ते २०१३ मध्ये लॉर्ड झाले. तुम्ही जेवलात ते फार्मशॉप त्यांच्या पत्नी कॅरोल बॅमफर्ड यांनी उभं केलेलं, सेंद्रिय शेतीचं.

बॅमफर्ड म्हणजे कोण हे तुम्हाला वेगळं सांगायला नको असं वाटेल पण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली आणि त्यांची आद्याक्षरं म्हणजेच जेसीबी. आपल्याकडे ज्या पिवळ्या मशिनला, मग ते कुठल्याही कंपनीचं असो, जेसीबी म्हणतात, विहीर खणायला जेसीबी बोलवला म्हणतात, ते या कुटुंबाचं नाव. अँथनी बॅमफर्ड त्यांचे चिरंजीव. आणि आता तारखांऐवजी नकाशा बघा. पुण्याजवळचा जेसीबीचा कारखाना तळेगावच्या औद्योगिक भागात, मावळ तालुक्यात. त्याच मावळ तालुक्याचं ठिकाण वडगाव, जिथे १७७९ मध्ये इंग्रज फौज शरण आली, महादजींचं स्मारक आहे ते. वडगावचा तह झुगारणाऱ्याने बांधलेल्या घरात आज राहणाऱ्या कुटुंबाचा कारखाना वडगावपासून हाकेच्या अंतरावर. योगायोगच आहे, यात कुणाचा डाव नाही, पण मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून तळेगावच्या मावशीला फोन केला होता.

एवढी नावं एका ओळीत ठेवली की दिसतं काय, तर १७१५ पासून या जमिनीचा जवळजवळ कुठलाच नवा मालक शेतीच्या पैशावर आलेला नाही. व्यापार, कंपनीची नोकरी, वर्तमानपत्र, पोलाद, खोदकामाची मशिनं. दर वेळी पैसा बाहेर तयार झाला आणि इथे येऊन गवतावर बसला. हे डेल्सफर्डपुरतं नाही. अशा कुठल्याही इस्टेटीची यादी काढा आणि शेजारी पैशाचा रकाना आखा.

आता शेवटचं, कागद कसे बघायचे. आजचा मालक हवा असेल तर लँड रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर थोडे पौंड भरून कुणालाही टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीची नोंद, आणि नकाशा मिळतो, डिसेंबर १९९० पासून हे सगळ्यांना खुलं आहे, त्याआधी मालकाच्या परवानगीशिवाय मिळायचं नाही. त्याच डिसेंबरपासून सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये विक्री झाली की नोंदणी सक्तीची झाली. पण वारशाने आलेली जमीन १९९८ पर्यंत नोंदवायला लागायची नाही, म्हणून ज्या इस्टेटी कधी विकल्याच गेल्या नाहीत त्यातल्या काही अजूनही रजिस्टरवर नाहीत. रजिस्टरवर नाव सापडलं म्हणजे संपलं असंही नाही, पुष्कळदा तिथे ट्रस्टी असतात किंवा कंपनी असते. परदेशी कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ पासून तिच्या मागच्या माणसांची वेगळी नोंदवही आहे, तीही बघा. आणि किंमत शोधत असाल तर एप्रिल २००० नंतरच्याच व्यवहारांची रजिस्टरमध्ये दिसते.

रजिस्टर फक्त आजचं सांगतं. आपल्या सातबाऱ्याला निदान जुने फेरफार जोडलेले असतात, इथे तसं नाही. मागे जायचं तर मृत्युपत्रं (१८५८ आधीच्या बड्या मंडळींची कँटरबरीच्या चर्च-कोर्टात), लँड टॅक्सच्या याद्या, १८३६ नंतरचे टाइदचे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांशाचे नकाशे ज्यात शेताशेताला नंबर, मालक आणि कूळ दोघांची नावं असतात, १९१० च्या जमीन-मूल्यांकनाच्या वह्या लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, आणि लिलावाचे कॅटलॉग. कॅटलॉग लोक सोडून देतात, मी तिथूनच सुरुवात करते, कारण विकणारा माणूस आपल्या मालाचं वर्णन कधी आखडून करत नाही, खोल्या, कुळं, भाडी, सगळं एका जागी. हेस्टिंग्जचे स्वतःचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, प्रचंड आहेत, आणि तुमची मुलगी विद्यार्थिनी आहे तर रीडर पास सहज मिळेल.

एकदा तरी खरं दस्त हातात घ्या असं मी आग्रहाने सांगेन. मी शिकत असताना एका दुसऱ्या इस्टेटीचं सेटलमेंट माझ्यासमोर टेबलावर उलगडलं होतं, मेंढीच्या कातड्याच्या नऊ स्किन, एकेक दोन फूट रुंद, खाली फितीने शिवलेल्या. हात लावला की थोडं तेलकट लागतं, कुंद वास येतो, आणि घडीवर दाबून धरलं नाही तर आपोआप मिटतं. मेंढीचंच कातडं का, तर त्यात चरबीचे थर असतात आणि कुणी अक्षर खरवडून आकडा बदलायला गेलं तर पापुद्रा सुटतो आणि डाग दिसतो, म्हणजे बनावट लगेच उघडी पडते. वरची कड नागमोडी कापलेली असते, कारण मुळात एकाच कातड्यावर दोन प्रती लिहून मधून वेडंवाकडं कापायचे आणि वाद झाला की दोन कडा जुळवून बघायचे. पूर्ण दस्तात एकही विराम नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही, म्हणजे जागा बदलून अर्थ फिरवता येऊ नये. असे हजारो दस्त १९२५ नंतर वकिलांच्या तळघरांतून फेकले गेले, लॅम्पशेड करायला विकले गेले, कारण नव्या कायद्याने तीस वर्षांमागचे कागद दाखवायची गरज उरली नाही आणि १९६९ नंतर तर पंधराच वर्षं पुरेशी झाली. कुणाच्या घराचा तीनशे वर्षांचा पुरावा दिव्याभोवती गुंडाळलेला मी एका जुन्या बाजारात बघितलाय, विकत घेऊन काउंटीच्या आर्काइव्हला देऊन आले.

पुढच्या वेळी मुलीला भेटायला आलात तर एक करा. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही, फाटकाशी घुटमळू नका. पण चर्च गावातच आहे, फार्मशॉपवरून फार लांब नाही, पावसात वाट चिखलाची होते म्हणून चांगले बूट घाला. चर्चच्या मागच्या बाजूला जा, पूर्वेच्या भिंतीपाशी, तिथे दगडी चौथऱ्यावर एक कलश आहे. त्यावर पदवी नाही, गव्हर्नर जनरल नाही, बंगाल नाही. वॉरन हेस्टिंग्ज, १८१८, एवढंच.